गोलरक्षक, मंत्री आणि माझी एक चुकलेली बातमी

पोस्ट मोठी आहे. निवडणुकीच्या धामधुमीत कुणाला वेळ नसेल तर सवडीने वाचा.

सप्टेंबरात माझ्या मावसभावाचा कॅनडातून मेसेज आला. तो मिसिसॉगात राहतो, टोरांटोला लागूनच. लिहिलं होतं, "केन ड्रायडन गेले रे. इथे सगळे हळहळतायत." मी विचारलं, कोण हे? तो म्हणाला, "आपल्याकडचे गावसकर समज. फक्त हे पुढे मंत्री झाले आणि आमच्या पोरीच्या पाळणाघराची फी कमी झाली त्यात यांचा हात आहे."

गावसकर आणि पाळणाघर एकाच वाक्यात! म्हटलं हा माणूस बघायला पाहिजे. दोन-तीन आठवडे रात्री बातम्या लावून झाल्या की त्यांच्याबद्दल वाचत बसलो. आईस हॉकीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आपल्याकडे बर्फ फक्त रसवंतीत आणि मच्छी मार्केटात. पण वाचता वाचता स्वतःचीच एक जुनी बातमी आठवली आणि झोप उडाली. ती पुढे सांगतो.

आधी खेळ. बर्फाच्या मैदानावर दोन्ही बाजूंचे सहा-सहा जण, पायात धारदार पात्यांचे बूट, हातात काठ्या, आणि चेंडूऐवजी कडक रबराची चकती. ती चकती ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढेही जाते. सहातला एक गोलरक्षक. बाकीचे पाच जण मिनिटा-मिनिटाला आत-बाहेर होतात, हा मात्र जागेवर. त्याने अडवलेली चकती कुणाच्या खात्यात जमा होत नाही. सुटलेली मात्र फलकावर झळकते. ड्रायडन हे काम करायचे. सहा फूट चार इंच उंची, तोंडावर रंगीत वर्तुळं काढलेला मुखवटा. खेळ थांबला की काठी उभी धरून तिच्यावर दोन्ही हात, हातांवर हनुवटी टेकवून शांत उभे राहायचे. हा त्यांचा फोटो कॅनडात घराघरात माहीत आहे. बांधावर काठी टेकून गुरं राखणारा आपला एखादा मामा आठवतो बघा.

जन्म १९४७चा, हॅमिल्टनचा. थोरला भाऊ डेव्हही गोलरक्षकच. वडिलांनी घरामागच्या अंगणात डांबर टाकून दिलं, पोरं तिथे टेनिसच्या चेंडूने हॉकी खेळायची. १७ व्या वर्षाच्या आसपास व्यावसायिक क्लबांचा डोळा यांच्यावर पडला, तर हा पठ्ठ्या आधी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात इतिहास शिकायला गेला. नंतर मॉन्ट्रियलला कायद्याचं शिक्षण चालू असतानाच मॉन्ट्रियल कॅनेडियन्सकडून खेळू लागला.

१९७१ साली त्यांनी साखळीतले फक्त सहा सामने खेळले होते आणि बाद फेरीत थेट गोलमध्ये उभं केलं. समोर बॉस्टन. आदल्या वर्षीचे विजेते. त्यांचा फिल एस्पोझिटो, एका हंगामात ७६ गोल मारलेला. हा कायद्याचा विद्यार्थी त्यांना पुरून उरला. मॉन्ट्रियलने बॉस्टनला हरवलं, पुढे स्टॅन्ले कप जिंकला आणि बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडू हेच ठरले. गंमत म्हणजे 'सर्वोत्तम नवोदित' हा किताब त्यांना त्याच्या पुढच्या वर्षी मिळाला, कारण नियमाप्रमाणे त्यांचा पहिला हंगाम अजून सुरूच व्हायचा होता!

१९७२ची सोव्हिएत संघाबरोबरची आठ सामन्यांची मालिका तिथे अजून दंतकथेसारखी सांगतात. पहिला सामना मॉन्ट्रियलमध्ये, गोलमध्ये ड्रायडन, आणि कॅनडा ७-३ ने हरला. स्वतःच्या गावात, अख्ख्या देशासमोर सात गोल. शेवटचा सामना मॉस्कोत. पुन्हा ड्रायडनच. पाच गोल खाल्ले, पण कॅनडाने शेवटच्या ३४ सेकंदांत सहावा मारला आणि मालिका जिंकली. नुसता हिशेब बघितला तर दोन सामन्यांत बारा गोल. पण लोकांच्या डोक्यात राहिला तो शेवटचा, पलीकडच्या जाळ्यात गेलेला.

एकूण सहा स्टॅन्ले कप. ३९७ साखळी सामने, त्यात हरलेले फक्त ५७. आणि वयाच्या ३१ व्या वर्षी, १९७९ला, सलग चौथा कप जिंकून निवृत्ती. आपल्याकडे काही जण पन्नाशी उलटली तरी क्रीडा संघटनेची खुर्ची सोडत नाहीत. असो.

मला यापेक्षा जास्त आवडली ती १९७३ची गोष्ट. क्लबशी पैशावरून जमलं नाही. त्या काळी खेळाडूने मालकासमोर ब्र काढायचा नसे. यांनी अख्खा हंगाम सोडला आणि टोरांटोतल्या वकिलांच्या कचेरीत उमेदवारी केली, आठवड्याला १३४ डॉलरवर. देशातला सगळ्यात नावाजलेला गोलरक्षक फायली चाळत बसलाय. त्या वर्षी मॉन्ट्रियल पहिल्याच फेरीत गारद झाला. पुढच्या हंगामात हे परत.

निवृत्तीनंतर पुस्तकं लिहिली, तीही स्वतः. 'द गेम' हे त्यांचं १९८३चं पुस्तक खेळावरच्या उत्तम पुस्तकांत धरतात. नव्वदच्या दशकात शाळांवर लिहायचं म्हणून हा माणूस एका सरकारी हायस्कुलात वर्षभर मागच्या बाकावर पोरांबरोबर जाऊन बसला. सहा कप जिंकलेला माणूस! मी वीस वर्षं शिक्षणाच्या बातम्या करतो. दहावीच्या निकालाचा आणि गणवेश वाटपाचा दिवस सोडून शाळेत किती वेळा गेलो, हे इथे न लिहिलेलं बरं.

आता राजकारण. २००४ साली लिबरल पक्षाने त्यांना टोरांटोतल्या यॉर्क सेंटरमधून उभं केलं. निवडून आले आणि पहिल्याच फटक्यात पंतप्रधान पॉल मार्टिन यांनी सामाजिक विकास खातं दिलं. नामांकित खेळाडूला मंत्री केलं तर आपल्याला काय वाटतं? क्रीडा खातं देतील, फिती कापतील, पोरांबरोबर फोटो काढतील. यांच्या वाट्याला आलं ते सगळ्यात किचकट काम. देशभर पाळणाघरं आणि बालशिक्षणाची व्यवस्था उभी करायची.

किचकट का, ते सांगतो. अशी व्यवस्था हवी हे महिलांच्या स्थितीवरच्या शाही आयोगाने १९७० सालीच सांगितलं होतं. त्यानंतर वेगवेगळ्या पक्षांनी आश्वासनं दिली, निवडणुका झाल्या, आश्वासनं विरली. दुसरं म्हणजे हा विषय तिथे प्रांतांचा. केंद्राने नुसतं ठरवून भागत नाही. क्वेबेकने १९९७ पासून स्वतःची स्वस्त पाळणाघरं चालवली होती, दिवसाला पाच डॉलर फी. बाकी ठिकाणी ज्याचं त्याने बघावं. म्हणजे ड्रायडनना दहा प्रांतांच्या दहा सरकारांबरोबर, त्यातली कित्येक दुसऱ्या पक्षांची, एकेक करून बसायचं होतं. हातात काय, तर पाच वर्षांसाठी पाच अब्ज डॉलर. आणि चार तत्त्वं: दर्जा हवा, सगळ्या मुलांना घ्यायचं, परवडलं पाहिजे, आणि मुलाची वाढ झाली पाहिजे, नुसतं सांभाळणं नको.

वर्षभर हा माणूस तेच करत राहिला. नोव्हेंबर २००५ पर्यंत दहाच्या दहा प्रांतांशी करार. पस्तीस वर्षं रेंगाळलेलं काम.

संसदेत त्यांचं फारसं कौतुक नव्हतं. भाषणं लांबायची, आवाज एकसुरी, वाक्य सुरू झालं की संपायचं नाव नाही. पत्रकारांना ते कंटाळवाणे वाटायचे. मला त्या पत्रकारांचा राग येत नाही, मीही तेच केलं असतं. आपल्याला बाईट पाहिजे असते पंधरा सेकंदांची. आणि हा माणूस सांगतोय की दोन वर्षांच्या पोराच्या डोक्यात काय घडत असतं.

मार्टिन यांचं सरकार अल्पमताचं. २८ नोव्हेंबर २००५ला विरोधक एकत्र आले आणि ते पडलं. दहावा करार होतो न होतो तोच. प्रचारात कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे स्टीफन हार्पर यांचं म्हणणं सोपं होतं: सरकारी पाळणाघरं कशाला, सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे महिन्याला १०० डॉलर आईबापाच्या हातात देऊ, त्यांना कळतं काय करायचं ते.

यावर मार्टिन यांचे माध्यम प्रमुख स्कॉट रीड टीव्हीवर बोलून गेले, की लोक हे पैसे बियर आणि पॉपकॉर्नवर उडवतील. संपलं! पाच अब्ज, दहा करार, चार तत्त्वं, सगळं बाजूला. पुढचे कितीतरी दिवस देशभर चर्चा एकच, बियर आणि पॉपकॉर्न. आईबापांना बेजबाबदार म्हणणारा पक्ष म्हणून लिबरल बदनाम. गोल स्वतःच्याच खेळाडूच्या काठीला लागून गेला.

२३ जानेवारी २००६ला लिबरल हरले. ड्रायडन स्वतः निवडून आले. हार्पर यांनी ६ फेब्रुवारीला शपथ घेतली आणि पहिल्याच दिवशी जाहीर केलं की करार रद्द. करारात एक वर्षाची नोटीस होती, म्हणून मार्च २००७ पर्यंत पैसे मिळाले, मग बंद. जुलै २००६ पासून महिन्याचे १०० डॉलर सुरू.

इथे जरा थांबतो, कारण आपल्याकडेही हातात पैसे विरुद्ध व्यवस्था हा वाद 'लाडकी बहीण'पासून चालूच आहे. थेट पैशाला मी नावं ठेवणार नाही. हातात पंधराशे आले की बाईचा घरातला आवाज थोडा वाढतो, हे मी आमच्या गल्लीत बघतोय. हार्पर यांच्या मतदारांचंही म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. घरी राहून मूल सांभाळणाऱ्या आईला पाळणाघराच्या योजनेत काय मिळणार होतं? पण शंभर डॉलरने पाळणाघर उभं राहत नाही. त्यासाठी खोली लागते, शिकलेल्या ताई लागतात, त्यांचा पगार लागतो. पैसे देणं एका सहीचं काम. दहा सरकारांना एका टेबलावर आणणं हे वर्षाचं. आणि मोडणं पुन्हा एका दिवसाचं.

आता माझी बातमी.

२०१६ची नगरपालिका निवडणूक. आमच्या गावात एक कबड्डीपटू होता. राज्य पातळीवर खेळलेला, गावात त्याच्या पकडीचं नाव. नाव इथे लिहीत नाही, गावकऱ्यांना कळेलच. अपक्ष उभा राहिला. बोलायला कच्चा. सभेत माइक हातात घेतला की घाम पुसायचा. ४१ मतांनी पडला. मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी. हेडिंग दिलं: 'चढाई मध्यरेषेवरच फसली'. खाली चार ओळी, मैदान वेगळं आणि सभागृह वेगळं अशा थाटातल्या. लोकांनी कात्रण स्टेटसला ठेवलं. मीही खुशीत.

आठवड्याने चहाच्या टपरीवर तो भेटला. चिडला वगैरे काही नव्हता. म्हणाला, "दादा, हेडिंग झकास होतं. एक विचारू? माझं पत्रक वाचलं होतं का?"

मी म्हणालो, "वाचलं की."

वाचलं नव्हतं. पत्रक माझ्या गाडीच्या डिकीत होतं, बाकीच्या तीसेक उमेदवारांच्या पत्रकांबरोबर. घरी येऊन काढलं. एका बाजूला त्याचा खेळतानाचा फोटो. मागे एकच मुद्दा. वस्तीतली अंगणवाडी पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत भरते, उन्हाळ्यात पोरं भाजतात, पालिकेची कोपऱ्यावरची जागा रिकामी आहे, तिथे खोली बांधू. गटार नाही, रस्ता नाही, समाजमंदिर नाही. कबड्डी खेळणारा गडी अंगणवाडीसाठी उभा राहिला होता. का, ते मी विचारलंच नव्हतं. पत्रकारितेच्या डिप्लोमाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं: कोण, काय, कधी, कुठे, का. मी चार 'क' वापरून पाचवा डिकीत ठेवून दिला.

ड्रायडन यांचं वाचताना म्हणूनच झोप उडाली. त्या बियर-पॉपकॉर्नवर उड्या मारणाऱ्यांत मला माझं तोंड दिसलं.

पुढचं थोडक्यात. डिसेंबर २००६ला लिबरल पक्षाने नेता निवडला, अधिवेशन मॉन्ट्रियललाच. ज्या शहरात सहा कप आणले तिथे ड्रायडन पाचवे आले. फ्रेंच भाषेत ते अडखळायचे, हेही आड आलं. आठ वर्षं मॉन्ट्रियलकडून खेळून फ्रेंच कच्चं, हे लोकांना रुचलं नाही, आणि त्यात लोकांचं चुकलं असंही मला वाटत नाही. २०११ला लिबरल ३४ जागांवर आले, त्या लाटेत यांचीही जागा गेली. राजकीय कारकीर्द सात वर्षांची, मंत्रिपद दीड वर्षाचं. नंतर खेळाडूंच्या डोक्याला होणाऱ्या मारावर लिहिलं, डोक्याला लागणारा प्रत्येक धक्का शिक्षेला पात्र ठरवा म्हणून लीगच्या मागे लागले. तिथेही सगळं ऐकलं गेलं नाही.

एप्रिल २०२१ला, कोविडमध्ये आयांच्या नोकऱ्या गेल्यावर, कॅनडाच्या अर्थसंकल्पात पुन्हा पाळणाघरं आली. पाच वर्षांत ३० अब्ज डॉलरपर्यंत, फी सरासरी दिवसाला दहा डॉलरवर आणायची. पुन्हा प्रांतांशी एकेक करार. शेवटचा ओंटारियोने मार्च २०२२ला केला. माझा मावसभाऊ ओंटारियोत. पोरीची फी निम्म्याने खाली आली तेव्हा वहिनी परत कामाला लागल्या. सगळं सुरळीत आहे असं नाही. जागा कमी, नंबर लागायला वेळ लागतो, असं तो सांगतो. पण आहे. २००५ला जे कागद फाटले त्यांच्यावरून पुढच्यांना रस्ता माहीत झाला होता.

५ सप्टेंबर २०२५ला ड्रायडन गेले. कर्करोगाने, ७८ व्या वर्षी.

वाचताना एक गोष्ट सापडली तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. त्यांचे वडील मरे ड्रायडन आणि आई मार्गारेट यांनी १९७० साली गरीब मुलांना झोपायला अंथरूण-पांघरूण देणारी संस्था सुरू केली. गादी, चादर, पांघरूण, मच्छरदाणी, कपडे, शाळेचं साहित्य असा संच. पहिले ५० संच कुठे वाटले माहीत आहे? आपल्या पुण्यात! ज्या वर्षी कॅनडाचा आयोग पाळणाघरं उभारा म्हणत होता, त्याच वर्षी. पोरगा मॉन्ट्रियलला चकत्या अडवायच्या तयारीत, आणि आईबाप पुण्यातल्या पोरांच्या गाद्या मोजतायत. मुलांचा विषय या माणसाला मंत्री झाल्यावर सुचलेला नव्हता, घरातून आला होता.

मग परवा मी त्या कबड्डीवाल्याच्या घरी गेलो. नऊ वर्षं उशिरा. यंदा त्यांचा प्रभाग महिलांसाठी राखीव झालाय आणि त्याची बायको उभी आहे. त्याच वस्तीतली, बारावी झालेली, शिलाईकाम करते. मी वही काढली आणि सवयीने त्यालाच विचारायला सुरुवात केली, की २०१६ला अंगणवाडीचाच मुद्दा का घेतला होता?

तो म्हणाला, "दादा, उमेदवार ती आहे. तिला विचारा."

तिने मशीन थांबवलं. म्हणाली, "यांचं सकाळी ग्राउंड, माझे शिवणाचे कपडे. पोरगं अंगणवाडीत ठेवायचो. मे महिन्यात पत्र्याखाली चक्कर येऊन पडलं. तेव्हापासून आहे हे. पोरगं आता सातवीत गेलं, पत्रा तोच आहे."

मी लिहून घेतलं. पत्रक मागितलं. मागच्या बाजूला तोच मुद्दा, तीच कोपऱ्यावरची जागा. फक्त आता खोलीच्या पुढे संडास आणि पाण्याची टाकीही आहे.

निवडून कोण येईल ते येईल. मत कुणाला द्या हे मी सांगत नाही, आचारसंहिता आहे आणि तो माझा धंदाही नाही. इतर उमेदवारांनीही आपली पत्रकं पाठवावीत, मागची बाजूही वाचली जाईल.

निघताना ती म्हणाली, "भाऊजी, छापणार असाल तर आकडा नीट छापा. त्रेचाळीस पोरं आहेत. ह्यांच्या वेळी सव्वीस होती."

त्रेचाळीस.